गहू, गोचीड आणि अधिछात्रवृत्ती : भारतातील क्षेत्रीय पर्यावरण-संशोधनाच्या अर्थसाहाय्याचा इतिहास

एखाद्या शास्त्राचा इतिहास लिहिताना त्यातील कल्पना, वाद आणि व्यक्ती यांचा मागोवा घेण्याची प्रथा आहे. त्या व्यक्तींचा उदरनिर्वाह कसा चालला, त्यांच्या तंबूचे, गाडीचे आणि मदतनिसांचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न सामान्यतः प्रस्तावनेतील आभारप्रदर्शनापुरता उरतो. भारतातील क्षेत्रीय परिस्थितिविज्ञानाच्या बाबतीत मात्र असे करून चालावयाचे नाही. कारण या शास्त्राला त्याच्या स्वतःच्या नावाने पैसा मिळू लागला तो फार उशिरा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पर्यावरणविज्ञानांची शाळा १९७४ मध्ये निघाली. केंद्र सरकारचा पर्यावरण विभाग १ नोव्हेंबर १९८० रोजी स्थापन झाला. तोपर्यंत या विषयात काम केलेली निदान एक पिढी होऊन गेली होती. तिने दीर्घकाळ दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायले. कधी ती ओंजळ रोगनिवारणाची होती, कधी धान्यव्यवहाराची, तर कधी परक्या देशाच्या लष्कराची. ज्या विद्यार्थ्याला आज या विषयात अधिछात्रवृत्ती शोधावयाची आहे त्याच्या दृष्टीनेही हा इतिहास केवळ कुतूहलाचा नाही. वृत्ती देणाऱ्याने प्रश्न किती ठरवला आणि संशोधकाने उत्तर किती स्वतंत्रपणे दिले, याची उदाहरणे त्यात आहेत.

स्वातंत्र्यपूर्व काळात या अभ्यासाचा भार हौसेवर आणि वर्गणीवर होता. १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. सोसायटीने १९११ मध्ये हाती घेतलेली सस्तन प्राण्यांची पाहणी देणग्यांवर चालली. जंगलात हिंडणारा मनुष्य बहुधा दुसऱ्याच कामासाठी पगार घेत असे. तो वनाधिकारी, लष्करी अंमलदार, चहामळ्याचा व्यवस्थापक किंवा वैद्य असे, आणि निरीक्षणे तो फावल्या वेळात करी. ज्याला असा पगार नाही त्याची अवस्था काय होई, हे सालिम अली यांच्या आयुष्यातील एका प्रसंगावरून दिसते. प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममधील मार्गदर्शक-व्याख्यात्याच्या जागेवरून रजा घेऊन ते बर्लिनला गेले व तेथे एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली होती. मग अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पसंत करते, आणि एक घर मांडून झाले की नर दुसऱ्याच्या विणकामास लागतो, हा विणीचा क्रम त्या अभ्यासातून उलगडला. या कामास कोणतीही वृत्ती नव्हती. पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांच्या पक्षिपाहण्या त्यांनी केल्या. त्यांची अट एवढीच होती की, आपले श्रम विनामूल्य, प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मात्र संस्थानाने सोसावा. घरची थोडीबहुत सोय असलेल्या मनुष्यालाच अशी अट घालता येते, हे उघड आहे. गुणवत्ता असूनही ज्यांना पदरमोड शक्य नव्हती त्यांची नावे या इतिहासात सापडत नाहीत. वृत्तीच्या अभावाचा पुरावा बहुधा असा अनुपस्थितीच्याच रूपाने मिळतो.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांचा विस्तार झाला, परंतु प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र या विभागांचे मन प्रयोगशाळेत रमलेले होते. बनारस हिंदू विद्यापीठात रामदेव मिश्र यांनी वनस्पतींच्या परिस्थितिविज्ञानाची परंपरा निर्माण केली हा ठळक अपवाद. १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन यांनी निराळाच मार्ग सुचविला. महाग उपकरणांच्या मागे न लागता नुसत्या डोळ्यांनी, वहीने आणि संख्याशास्त्राने करता येईल असे जीवशास्त्र हेच गरीब देशाला योग्य, असे ते सांगत. त्यांच्या गटातील सुरेश जयकर यांनी हेलन स्परवे यांच्यासह पीतमुखी टिटवीच्या विणीवर केलेले काम या विचाराचे उत्तम उदाहरण होय. तथापि वही स्वस्त असली तरी वही धरणाऱ्याचे जेवण स्वस्त नसते. हॉल्डेन यांच्या सहकाऱ्यांना कलकत्त्याच्या संख्याशास्त्र संस्थेचा आधार होता, हे त्या साधेपणाच्या गौरवात पुष्कळदा विसरले जाते.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई विद्यापीठाने सोसायटीतील क्षेत्रीय पक्षिशास्त्राच्या संशोधनाला पदवीसाठी मान्यता दिली. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखालील पहिले विद्यार्थी विजयकुमार आंबेडकर यांनी पुन्हा सुगरणीचाच विषय घेतला आणि त्यांचा ग्रंथ विद्यापीठाने १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. गुरूने किहीमला पदरमोडीने केलेला अभ्यास शिष्याने पदवीसाठी करावा, हा एका पिढीतील फरक लहान नव्हता. मात्र पदवीची वाट मोकळी झाली म्हणजे निर्वाहाची झाली असे नाही. ती वाट अनपेक्षितपणे एका रोगाने मोकळी केली.

१९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना रक्तस्रावी ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्राकडे तपास आला. हे केंद्र भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये मिळून स्थापन केलेले होते. विषाणू नवा निघाला. तो गोचिडांतून पसरत होता. आणि त्याचे नाते रशियातील, विशेषतः सायबेरियाकडील, गोचीडजन्य रोगांच्या विषाणूंशी जवळचे दिसत होते. तेव्हा साहजिकच शंका आली की, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी आपल्या अंगावर संसर्गित गोचीड घेऊन येत असतील काय? पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याची सालिम अली यांची इच्छा जुनी होती. तिला पैसा मिळत नव्हता. जी गोष्ट पक्ष्यांसाठी मिळाली नाही ती गोचिडांसाठी मिळाली. १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने या प्रश्नात रस घेतला आणि तिच्या साहाय्याने सोसायटीची स्थलांतर-पाहणी सुरू झाली. जाळ्यात सापडलेल्या पक्ष्याच्या पायात कडे घालावयाचे, अंगावरचे गोचीड वेचून कुपीत भरावयाचे, आणि पक्षी सोडून द्यावयाचा, असा तो क्रम होता. कड्यांचा उपयोग पक्षिशास्त्राला आणि कुप्यांचा विषाणुशास्त्राला.

या योजनेतील मूळ शंका पुढे टिकली नाही. क्यासनूरच्या रोगाचे चक्र स्थानिकच आहे, जंगलाच्या कडेला वाढणारी वस्ती, तोड आणि चरावयास नेलेली गुरे यांच्याशी त्याचा संबंध आहे, असे विषाणु केंद्राच्या कामातून, विशेषतः होर्हे बॉशेल यांच्या १९६९ मधील विवेचनातून पुढे आले. म्हणजे वृत्ती ज्या गृहीतकासाठी मिळाली ते चुकीचे ठरले, पण त्या वृत्तीवर शिकलेली माणसे आणि जमवलेल्या नोंदी राहिल्या. संशोधनाच्या अर्थकारणात हा प्रकार वारंवार आढळतो, आणि केवळ फलनिष्पत्तीच्या हिशेबावर वृत्ती मोजणाऱ्यांना तो गैरसोयीचा असतो.

आता गव्हाकडे वळले पाहिजे. १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला धान्यखरेदीसाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले व त्याच्या व्याजातील ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम ग्रंथ आणि शैक्षणिक देवघेव यांसाठी राखली. पुढे १९५४ च्या ‘पी. एल. ४८०’ या कायद्याखाली १९५६ पासून मोठ्या प्रमाणावर गहू येऊ लागला. त्याची किंमत भारताने रुपयांत चुकती करावयाची आणि ते रुपये अमेरिकेच्या खाती भारतातच राहावयाचे, अशी व्यवस्था होती. हे रुपये बाहेर नेता येत नसत. खर्च करावयाचे तर येथेच. त्यांतील मोठा भाग कर्जरूपाने भारतालाच परत मिळे. उरलेल्यावर अमेरिकन सरकारच्या निरनिराळ्या खात्यांचा हक्क असे. अशा रीतीने एक विलक्षण परिस्थिती उत्पन्न झाली. एकीकडे भारतीय विद्यापीठांत संशोधनाला पैसा नाही, आणि दुसरीकडे खर्चाची वाट शोधणारे रुपये साठत आहेत. स्मिथ्सोनियन संस्थेने १९६५ पासून परकीय चलनाचा असा एक कार्यक्रमच चालविला. ज्यांना ही व्यवस्था माहीत होती त्यांनी तिचा उपयोग केला. ज्यांना ती माहीत नव्हती त्यांच्या लेखी अमेरिकन साहाय्य म्हणजे डॉलर आणि परदेशगमन एवढेच होते.

साठच्या दशकातील दोन कामे येथे नमूद केली पाहिजेत. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हा येथे वाघ आणि हरणे यांचा अभ्यास केला, आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यावरील ग्रंथ भारतीय वन्यजीव-संशोधनाचा पायाभूत ग्रंथ ठरला. त्या वेळी ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी संबंधित होते व त्या विद्यापीठाच्या कलकत्त्यातील वैद्यकीय संशोधन केंद्राचा त्यांना आधार होता. वाघाच्या अभ्यासालाही वैद्यकाचे बोट धरावे लागले ते असे. दुसरे काम गीरचे. येथे स्मिथ्सोनियन, येल विद्यापीठ आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांचा संबंध आला. पॉल जॉस्लिन यांचा सिंहावरील प्रबंध १९७३ मध्ये, स्टीफन बर्विक यांचा खुरवाल्या प्राण्यांवरील १९७४ मध्ये, आणि रॉबर्ट ग्रब यांचा गिधाडांवरील प्रबंध मुंबई विद्यापीठात १९७४ मध्येच सादर झाला. एकाच जंगलात परदेशी आणि भारतीय विद्यार्थी शेजारीशेजारी काम करीत होते. सिंहाचा आणि त्याच्या भक्ष्याचा विषय परदेशी विद्यार्थ्यांकडे होता आणि उरलेल्या सांगाड्यावर उतरणाऱ्या गिधाडांचा भारतीय विद्यार्थ्याकडे. या वाटणीत कोणाचा हेतू होता असे म्हणता येणार नाही. पण नव्वदीच्या दशकानंतर भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली तेव्हा त्यांच्या पूर्वस्थितीबद्दलच्या अशा जुन्या नोंदींचे मोल काय, ते कळले.

स्थलांतराच्या पाहणीला मात्र या सुमारास निराळे वळण लागले होते. जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मर्यादित मुदतीचे होते. त्यानंतर सोसायटी ज्या योजनेत सामील झाली तिचे नाव स्थलांतरी प्राण्यांची रोगविषयक पाहणी असे होते. इलियट मॅक्ल्यूर तिचे प्रमुख होते. १९६३ ते १९७१ या काळात आशियातील अनेक देशांत मिळून अकरा लाखांहून अधिक पक्ष्यांना तिच्याद्वारे कडी घालण्यात आली. आणि तिचा पैसा अमेरिकन लष्कराच्या संशोधन विभागाकडून येत होता. भरतपूरच्या केवलादेव घना येथील तळावर काम करणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने जाळे, कडे आणि वही यांत काही फरक पडला नव्हता. परंतु १९६९ मध्ये अमेरिकेतच असे उघडकीस आले की, पॅसिफिक महासागरातील बेटांवर स्मिथ्सोनियनने चालविलेल्या पक्षिपाहणीला लष्कराच्या जैविक युद्ध केंद्राचा पैसा मिळत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जैविक अस्त्रांचा त्याग जाहीर केला. पण संशय एकदा उत्पन्न झाला तो झालाच.

भारतात तो १९७४ मध्ये फुटला. त्या वर्षी प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाने परदेशी साहाय्याच्या काही संशोधनयोजनांवर वृत्त दिले. रोख मुख्यतः दिल्लीतील डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाच्या केंद्रावर होता. ते जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांचे, पण पी. एल. ४८० च्या रुपयांवर चाललेले होते. पक्षि-स्थलांतराची योजनाही त्या वृत्तात ओढली गेली. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मधील आपल्या १६७ व्या अहवालात या सर्व योजनांची झडती घेतली. परकीय साहाय्य देणाऱ्याचा खरा हेतू तपासण्याची यंत्रणाच सरकारजवळ नाही, हा तिच्या टीकेचा गाभा होता. डासांचे केंद्र त्याच वर्षी बंद झाले. गव्हाबरोबर किडेही रगडले जावेत तसे यानंतर अनेक निरुपद्रवी प्रकल्पही छाननीत अडकले.

या वादाचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजूंनी घाई झालेली दिसते. सोसायटीचे काम उघड होते, कड्यांच्या नोंदी प्रसिद्ध होत होत्या, गुप्त असे त्यात काही सिद्ध झाले नाही. तेव्हा तिच्यावर हेरगिरीचा शिक्का मारणे अन्यायाचे होते. सालिम अली यांना हा आरोप झोंबला यात नवल नाही. परंतु कामाचा उघडपणा हे समितीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर नव्हते. कोणत्या ऋतूत कोणता पक्षी कोणत्या प्रदेशातून कोणत्या प्रदेशात जातो आणि त्याच्या अंगावर कोणते परजीवी असतात, हे ज्ञान पक्षिशास्त्रज्ञाला एका कारणासाठी हवे असते आणि सेनापतीला दुसऱ्या. कामाच्या शुद्धतेची ग्वाही संशोधक देऊ शकतो. ते ज्ञान कोणाच्या हाती कसे वापरले जाईल याची ग्वाही त्याच्या हातात नसते. समितीने नेमके हेच विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून भारत सरकारने स्वतःचा पैसा उभा केला असता तर वादाचे चीज झाले असते. तात्काळ घडले ते एवढेच की परवानग्या वाढल्या.

फेब्रुवारी १९७४ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात करार होऊन साठलेल्या रुपयांपैकी सुमारे १,६६४ कोटींची रक्कम भारताला परत देण्यात आली. तरीही काही भाग अमेरिकेच्या वापरासाठी उरला. १९७३ मध्ये अमेरिकेने धोक्यातील प्रजातींसंबंधी जो कायदा केला त्याच्या आठव्या कलमाने परदेशांत शिल्लक पडलेले असे चलन वन्यजीवांच्या रक्षणासाठी वापरण्याची मुभा तेथील मत्स्य व वन्यजीव सेवेला दिली होती. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत जी संशोधनाची लाट आली ती या कलमावर. माळढोक, तणमोर, हत्ती, भरतपूरची पाणथळ असे अनेक विषय एकदम सुरू झाले. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोकांवर असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली वर्षे याच काळातील. क्षेत्रीय तळावर राहावयाचे, दरमहा अल्प वृत्ती घ्यावयाची, आणि मुंबई विद्यापीठात प्रबंध सादर करावयाचा, असा एक नवा जीवनक्रम यांतून रूढ झाला. आजच्या भारतीय वन्यजीव-संशोधकांपैकी अनेकांची गुरुपरंपरा या तळांपाशी जाऊन पोहोचते.

या सर्वांत भरतपूरच्या अभ्यासाची कथा विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण तीत विज्ञान आणि धोरण यांचा प्रत्यक्ष सामना झाला. केवलादेवचे सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तेथे म्हशी चारण्यास बंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या गुरे आणणाऱ्या भोवतालच्या गावांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसे मेली. बंदीला पक्षिप्रेमी जगाचा पाठिंबा होता आणि खुद्द सालिम अली तिच्या बाजूचे होते. सोसायटीचा परिस्थितिविज्ञानविषयक अभ्यास त्याआधीच, १९८० मध्ये, व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला होता आणि तो दहा वर्षे चालला. म्हणजे बंदीपूर्वीची व नंतरची स्थिती एकाच पद्धतीने मोजली गेली. असा योग संशोधनात क्वचित येतो. म्हशी गेल्यावर पाण्यातील पॅस्पॅलम गवत अनिर्बंध वाढले, उथळ तळी त्याने भरून गेली, मोकळे पाणी कमी झाले, आणि माशांना व पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. म्हशी या पाणथळीच्या शत्रू नसून तिच्या घडणीचाच एक भाग होत्या, असा निष्कर्ष १९९१ च्या अंतिम अहवालाने दिला. ज्या संस्थेच्या सर्वश्रेष्ठ पुरुषाने बंदीचा पुरस्कार केला त्याच संस्थेच्या अहवालाने ती बंदी चुकीची ठरविली.

हे कसे शक्य झाले? व्यक्तींच्या सचोटीला श्रेय दिले पाहिजेच. परंतु अर्थसाहाय्याच्या रचनेचाही त्यात वाटा होता. पैसा दीर्घ मुदतीचा होता आणि देणाऱ्याला बंदी योग्य ठरण्यात काही हितसंबंध नव्हता. दोन वर्षांची वृत्ती असती तर अभ्यास १९८२ मध्येच, म्हणजे म्हशी बाहेर काढल्या त्या सुमारास, संपला असता, आणि गवताची वाढ कोणी मोजली नसती. उद्यानाच्या व्यवस्थेकडूनच पैसा आला असता तर अहवालाची भाषा कदाचित इतकी स्पष्ट झाली नसती. पैसा परकीय होता यापेक्षा तो किती काळ होता आणि उत्तराबाबत किती उदासीन होता, हे येथे अधिक महत्त्वाचे ठरले. १९७५ च्या वादात हा भेद कोणीच केला नव्हता.

दरम्यान देशातील पैसाही हळूहळू येऊ लागला होता. माधव गाडगीळ यांचे उदाहरण संक्रमणकाळाचे म्हणून घेता येईल. पुण्यात शिकून, मुंबई विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि १९६९ मध्ये गणिती परिस्थितिविज्ञानात डॉक्टर झाले. तेथे ते संगणक केंद्रात आय. बी. एम. चे अधिछात्र होते. म्हणजे वैद्यक आणि गहू यांच्या जोडीला संगणक हेही एक आडदार होते. १९७१ मध्ये ते परतले, आणि १९८३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पर्यावरण विभागाच्या साहाय्याने परिस्थितिविज्ञान केंद्र निघाले. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ ची, आणि कोइमतूरचे सालिम अली यांच्या नावाचे केंद्र १९९० चे. भरतपूरचे विजयन हेच त्याचे पहिले संचालक झाले. ते केंद्र २०२३ मध्ये डेहराडूनच्या संस्थेत विलीन करण्यात आले.

विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष पडणारा पैसा मात्र मुख्यतः विद्यापीठ अनुदान आयोग आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचा. ऐंशीच्या दशकापासून ती राष्ट्रीय परीक्षेवर मिळू लागली. परीक्षेने एक मोठी गोष्ट साधली. मार्गदर्शकाच्या ओळखीवाचूनही ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला वृत्ती मिळू शकू लागली. परंतु तिच्यातही विषयाच्या नावाचा जुना घोळ शिल्लक आहे. पर्यावरणविज्ञान हा विषय आयोगाच्या परीक्षेत आहे. परिस्थितिविज्ञान मात्र परिषदेच्या जीवविज्ञानाच्या परीक्षेतील एक घटक आहे. हवामान, भूजल आणि समुद्र यांचा अभ्यासक पृथ्वीविज्ञानात मोडतो. आणि पर्यावरणधोरणाचा विद्यार्थी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा भूगोल यांपैकी कोणत्या तरी दारावर उभा असतो. जो केवळ ‘पर्यावरण’ हा शब्द शोधतो त्याला चारांपैकी एकच दार दिसते.

रकमेचेही पाहिले पाहिजे. ही वृत्ती २०१४ मध्ये दरमहा २५,००० रुपये झाली, २०१९ मध्ये ३१,०००, आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,०००. या वाढी सहजासहजी मिळाल्या नाहीत. संशोधक विद्यार्थ्यांना प्रत्येक वेळी रस्त्यावर यावे लागले. परीक्षा न उतरलेल्या, केंद्रीय विद्यापीठांतील पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांना मिळणारी दरमहा ८,००० रुपयांची वृत्ती बंद करण्याचा निर्णय आयोगाने ऑक्टोबर २०१५ मध्ये घेतला तेव्हा दिल्लीत आयोगाच्या कार्यालयासमोर दीर्घ आंदोलन झाले आणि वृत्ती टिकली. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांनी या विषयातीलही अनेक विद्यार्थ्यांना आधार दिला. त्या सामाजिक वर्गावर आधारलेल्या असल्याने विषयाच्या नावाचा प्रश्न तेथे येत नाही. परंतु या सर्व वृत्त्या माणसाच्या निर्वाहापुरत्या आहेत. त्यांबरोबरचे वार्षिक आकस्मिक अनुदान पुस्तके आणि रसायने यांचा विचार करून ठरविलेले असते. गाडी, वाटाड्या, आणि पावसाळ्यातील चार महिन्यांचा मुक्काम यांना ते पुरत नाही. ही पोकळी लहान खासगी निधींनी भरून काढावी लागते. रफर्ड प्रतिष्ठानाची लहान अनुदाने आणि इन्लॅक्सची रवी शंकरन यांच्या नावाची शिष्यवृत्ती ही त्यांतील परिचित नावे. रवी शंकरन हे सोसायटीच्या ऐंशीच्या दशकातील तळांवर तणमोरांचा अभ्यास करून मुंबई विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि पुढे कोइमतूरच्या केंद्राचे संचालक झाले. २००९ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. गव्हाच्या रुपयांवर शिकलेल्या पिढीतील एकाचे नाव अशा रीतीने पुढच्या पिढीच्या वृत्तीला लागले.

क्यासनूरचा रोगही संपलेला नाही. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात आला. दोडामार्ग आणि सावंतवाडी या तालुक्यांत माकडताप या नावाने तो घरोघरी माहीत झाला, आणि रुग्णांत काजूच्या बागांत काम करणारे पुष्कळ होते. शेजारच्या गोव्यातील सत्तरीतही तो पोचला. विषाणूची तपासणी पुण्याच्याच संस्थेने केली. विषाणु संशोधन केंद्राचे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे नामांतर मागेच झालेले होते. जंगल जाऊन तेथे बागा आल्याने गोचिडांचे काय होते, हा प्रश्न मात्र रोगाच्या खात्यातही बसत नाही आणि पर्यावरणाच्याही. पश्चिम घाटात त्याचा व्यापक अभ्यास झाला तो बेथन पर्स यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश आणि भारतीय संशोधकांच्या प्रकल्पात. सदाहरित जंगल आणि बागायती यांची सरमिसळ असलेल्या व देशी गुरांची संख्या मोठी असलेल्या भागांत धोका अधिक, असे त्यांनी २०२० मध्ये दाखविले. बॉशेल यांनी पन्नास वर्षांपूर्वी वर्तविलेल्या दिशेनेच हा निष्कर्ष जातो. या प्रकल्पाचा पैसा ब्रिटनच्या परदेशी विकासमदतीतून उभारलेल्या संशोधननिधीचा होता, आणि ब्रिटिश सरकारने २०२१ मध्ये ती मदत कमी केली तेव्हा त्या निधीलाही मोठी कात्री लागली.